मामांचं एकाशन

"हे पेशंट गप्प आहेत," मिरजेच्या दवाखान्यातली सिस्टर मला म्हणाली. "ओरडणाऱ्या पेशंटची काळजी नसते, तो हवं ते मागून घेतो. जो 'मला काही नको' म्हणतो ना, त्याच्यावर डोळा ठेवायचा. कळलं?"

डिस्चार्जची घाई चालली होती. माझ्या एका खांद्यावर माझी तान्ही लेक अन्वी झोपली होती, दुसऱ्या खांद्याला तिची बॅग. खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता.

"आमचे मामा?" मी हसून म्हटलं. "अहो, ते तीन भाकरी खाऊन चौथीची वाट बघणारे आहेत."

सिस्टर हसली नाही. मी जिना उतरून गेले.

मामा म्हणजे माझे सासरे, नेमगोंडा चौगुले. आमच्या भागात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मामांचा जन्म साखर कारखान्यात गेला. पॅनमन होते ते. मोठ्या पॅनमध्ये पाक आटत असताना काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा आणि साखरेचा दाणा धरला की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या पट्टीशिवाय पाक पुढं जायचा नाही. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत पोटाचं दुखणं उपटलं, आणि मिरजेच्या सर्जननी मोठं आतडं काढून टाकलं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून शिवलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर एक पिशवी चिकटवायची. जे काही बाहेर यायचं ते त्या पिशवीत येणार, आणि कायमचं तसंच.

सिस्टरनी मला सगळं शिकवलं होतं. पिशवी खालून उघडून रिकामी करायची. चार-पाच दिवसांनी अख्खी काढायची, कागदात गुंडाळून टाकून द्यायची, नवी लावायची. जुनी धुऊन पुन्हा लावायची नाही, कारण तिचा गोंद धरत नाही, खालून गळतं आणि कातडी भाजल्यासारखी सोलते. आणि पाणी. मोठं आतडं नसल्यामुळं यांच्या अंगात पाणी टिकत नाही. सारखं पाणी, मीठ-साखरेचं पाणी, पेज, ताक. दिवसभर.

घरी आल्यावर पिशव्यांची काळजी नव्हती. कारखान्याचा स्वतःचा दवाखाना आहे. निवृत्त कामगारांना तिथं जन्मभर औषधं फुकट. डॉक्टर महिन्याची चिठ्ठी लिहून देतात, ती स्टोअरच्या खिडकीत द्यायची. पिशव्या तिथले लोक कोल्हापूरहून मागवून घेणार.

"बघ," सन्मती म्हणाला. सन्मती माझा नवरा. "कारखाना अजून माणसं विसरला नाही."

आणायला मी जाते म्हटलं तर मामांनी हात आडवा केला. "माझं मी आणतो. पाय हाईत न्हवं माझे?"

दर महिन्याला ते जायचे. पांढरा शर्ट, टोपी, हातात कापडी पिशवी. परत यायचे ते त्याच कापडी पिशवीत नव्या पिशव्यांचा पुडा घेऊन. मग तासभर कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. चालून दमले असतील असं मला वाटायचं.

एका दुपारी मी न्हाणीच्या मागं अन्वीची दुपटी वाळत घालायला गेले, तर मामा उकिडवे बसून वापरलेल्या पिशव्या धूत होते. साबण लावून, आत बोट घालून, एकेक. तारेवर त्यांचा टॉवेल पसरला होता आणि टॉवेलाखाली आधी धुतलेल्या पिशव्या चिमट्यांना लटकत होत्या.

"मामा! त्या धुवायच्या नसतात. टाकायला सांगितल्यात सिस्टरनी."

ते दचकले. "व्हय, टाकतोच की."

"मग धुताय कशाला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "घाण तशीच कशी टाकायची? कचऱ्याच्या गाडीवर बी माणसंच असत्यात."

मला भरून आलं. त्या रात्री फोनवर आईला सांगितलं, माझे सासरे असे आहेत म्हणून. आज ते आठवलं की माझा हात आपोआप कपाळावर जातो.

भाद्रपद आला. आम्ही जैन. पर्युषण पर्वाचे दहा दिवस आमच्याकडं वर्षातले सगळ्यांत मोठे. कुणी हिरव्या भाज्या सोडतं, कुणी एकाशन करतं, म्हणजे दिवसातून एकदाच बसायचं, त्याच बैठकीत जेवायचं आणि पाणीही तेव्हाच प्यायचं. काही जण पूर्ण उपवास करतात. सगळं पार पडलं की त्यांची बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो.

पर्वाच्या आधी आत्तींनी घर धुऊन काढलं. माळा झाला, कोठी झाली, न्हाणीची मागची बाजूसुद्धा. पदर खोचून त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "मागचं समदं गाडीत टाकलं बाई. कोनाड्यात त्या पिशव्यांचं गाठोडं बांधून ठेवलं हुतं, ते बी. पर्वात असलं घरात नगं."

मामा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. नुसते चौकटीला हात लावून उभे राहिले. आत्तींनी विचारलं, "काय वो, असं का बघालाय?" तेव्हा "काय न्हाई" म्हणाले आणि टोपी घालून बाहेर गेले. परत आले ते रिकाम्या हातांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"सुमे," ते आत्तींना म्हणाले, "औंदा मी एकाशन धरतोय. दहा दिवस."

आत्तींच्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नापासून त्या उपास करत आल्या होत्या आणि हा माणूस पॅनवर ड्युटी आहे म्हणून दर वर्षी निसटत आला होता.

"मामा, तुम्हाला चालणार नाही," मी म्हटलं. "एकदा जेवलं तर एकवेळ बघू. पण पाणी? दिवसातून एकदाच पाणी तुम्हाला चालत नाही. सिस्टरनी सांगितलंय."

"सिस्टर काय बस्तीत येती व्हय?" आत्ती म्हणाल्या.

"आत्ती, अंगातलं पाणी—"

"तुझी डिग्री ऱ्हाऊ दे तिकडं. माणूस आपणहून धर्माला लागलाय, त्यात आडवी येऊ नगंस."

रात्री मी सन्मतीला गाठलं. वडिलांना तो दादा म्हणतो. तो म्हणाला, "त्रिशला, आजारपणापासून दादा कुठं गेलेत का? लग्नाला नाही, बारशाला नाही. पहिल्यांदा चार माणसांत बसायचं म्हणतायत. लोक पाया पडतायत त्यांच्या. तेवढं तरी मिळू दे की त्यांना."

खरं होतं ते. गल्लीतले लोक येत होते. 'नेमूअण्णा, एवढ्या आजारातनं एकाशन! धन्य आहे तुमची,' म्हणत होते. बस्तीत त्यांचं नाव पुकारलं गेलं. मामा मात्र आत गाभाऱ्याकडं जात नव्हते. अगदी उंबऱ्याला लागून, बाहेरच्या वाऱ्यात बसायचे. हा त्यांचा विनय आहे असं लोक म्हणाले.

माझा स्वभाव काळजीचा. अन्वी झाल्यापासून तर मी सगळंच निरखत होते. तिचा श्वास, तिची शी, तिच्या ओठांचा रंग. सन्मती मला घरातला सीसीटीव्ही म्हणायचा. तर या सीसीटीव्हीला बाकीचंही दिसत होतं. मामांनी अन्वीला उचलून घेणं बंद केलं होतं. ती रांगत गेली की ते उठून जायचे. शर्टाच्या आतून पोटाला काहीतरी गुंडाळलेलं असायचं. त्यांच्या खोलीत सारखा कापूर जळत असायचा. आणि एकाच वेळच्या त्या जेवणात ते अर्धीच भाकरी खायचे, भात तर मुळीच नाही. वाटीत आमटी तशीच. 'पोट भरलं' म्हणायचे. आत्ती ती वाटी कपाळाला लावल्यासारखी उचलायच्या.

पर्व निम्म्यावर आलं होतं. दुपारी आत्ती बस्तीत प्रवचनाला गेल्या होत्या, सन्मती कामावर. मामा कॉटवर पडले होते. अन्वी रांगत गेली आणि तिनं त्यांच्या लोंबकळणाऱ्या पायाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. मामा एकदम कळवळले. पोटरीत गोळा आला होता. दात आवळून ते पाय धरून बसले आणि मी धावत गेले. अन्वीला बाजूला करून त्यांचा पाय दाबायला लागले. पाय थंड होता. मामांची जीभ कोरडी पडली होती, बोलताना टाळ्याला चिकटत होती.

मी त्यांचा हात धरला आणि मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरून सोडली.

ती खाली बसलीच नाही. कागदाची घडी राहावी तशी उभी राहिली.

"बोटांनी काय करालीयास?" मामांनी विचारलं.

"अन्वीला जुलाब झाले होते तेव्हा तिच्या डॉक्टरांनी अंगातलं पाणी असंच बघितलं होतं." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मामा, लघवीला कधी गेला होता?"

त्यांनी तोंड फिरवलं. "सुनंनं इचारायची गोष्ट हाय का ती?"

"मी विचारतेय. कधी?"

मी त्यांचा हात सोडला नाही.

"काल," ते म्हणाले. "सकाळी."

मी रिक्षा बोलावली. मामांना दंडाला धरून गेटपर्यंत आणलं, तोच आत्ती समोरून आल्या. हातात पूजेचं ताट.

"कुठं न्हेतीयास त्यास्नी?"

"दवाखान्यात."

"आगं, तिथं सलाईन लावतील! एकाशन मोडंल त्येंचं! चार दिस ऱ्हायलेत नुसते—"

"मोडू दे."

"त्रिशला!"

"आत्ती, माणूस मोडायला लागलाय तुमचा. हिला धरा." मी अन्वीला त्यांच्या हातात कोंबलं. ताटातलं कुंकू तिच्या झबल्यावर सांडलं. रिक्षा निघाली तेव्हा आत्ती तशाच रस्त्यात उभ्या होत्या.

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर खोत होते, तरुण होते, याच वर्षी लागलेले. त्यांनी माझ्याकडून एकाशनाचं ऐकलं, मामांचं ब्लडप्रेशर बघितलं आणि ताबडतोब सलाईन लावायला सांगितलं.

"यांना उपास कुणी करू दिला?" ते माझ्यावरच ओरडले. "अहो, किडन्या बंद पडतील यांच्या! शिकलेल्या दिसताय तुम्ही."

नर्सनं मामांचा शर्ट वर केला. पोटाला आत्तींच्या जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती. पट्टीखाली चिकटपट्ट्यांवर चिकटपट्ट्या. त्याखाली एक पिशवी होती. इतकी जुनी की तिचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. नर्सनं ती अलगद सोडवली, तरी मामांचा श्वास अडकला. स्टोमाच्या भोवतीची कातडी तळहाताएवढी सोलली होती, लालभडक, पाणी सुटलेली. नर्सनं ती पिशवी काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली.

"आजोबा, ही कधी लावलेली?"

मामांनी डोळे मिटून घेतले.

"नव्या कुठायत?" मी विचारलं. "मामा, नव्या पिशव्या कुठं आहेत?"

"न्हाईत."

"आणायला गेला होता ना? पर्वाच्या आधी?"

"त्यास्नी... त्यास्नी द्यायला जमलं न्हाई," ते पुटपुटले. "ऱ्हाऊ दे बाळ. कमी खाल्लं की कमी येतं. भागतंय तेवढ्यात."

कमी खाल्लं की कमी येतं. मला वाटतं, त्या एका वाक्यानं माझ्या आत काहीतरी पेटलं. एवढे दिवस ज्या एकाशनाच्या लोक पाया पडत होते, ते हे होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. मी स्टोअरकडं गेले.

स्टोअर म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला जाळीची खिडकी. समोर बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. सगळ्यांत पुढं हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून. मी तिला म्हटलं, "आजी, तातडीचं आहे, मी आधी घेऊ का?" तिनं लगेच अंग चोरून वाट दिली.

खिडकीत शेवाळे होते. मी त्यांना ओळखत होते. हसरा माणूस. सन्मतीच्या लग्नात, म्हणजे आमच्याच लग्नात, जेवणाच्या पंगतीत वाढायला होते.

"या या वहिनी! आज तुम्ही? अण्णा कुठं गेले?"

"आत सलाईन लावलंय. या पिशव्या द्या."

त्यांनी चिठ्ठी बघितली. "देतो की. जुन्या आणल्यात का?"

"जुन्या काय?"

"पिशव्या. वापरलेल्या."

मला काही कळेना. "त्या कशाला?"

"जमा करायला." त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं काही जगात सगळीकडं असंच चालतं. "जुन्या जमा करायच्या, तेवढ्या नव्या न्यायच्या. अण्णांना म्हाईत हाय की. ते दर महिन्याला आणत्यात."

"काय आणतात?"

"वापरलेल्या पिशव्या. धुऊन, घडी घालून. मी हितं काउंटरवर मोजून घेतो आन तेवढ्या नव्या देतो." ते कौतुकानं हसले. "लई व्यवस्थित माणूस बगा. सुरुवातीला जरा वास यायचा, मागची माणसं कुरकुरायची. मग मीच म्हणालो, अण्णा, नीट वाळवून आणत जावा. तवापासनं एकदम स्वच्छ."

मी जाळीला धरून उभी होते. न्हाणीच्या मागची तार, टॉवेल, टॉवेलाखालचे चिमटे. कापडी पिशवी, जी ते जाताना नेत होते. ती मला नेहमी रिकामीच वाटली होती.

"पर्वाच्या आधी ते आले होते?" मी विचारलं.

"आलते की. हात हलवत. घरात कुणी टाकून दिल्या म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, मग आता कसं करायचं? न्हाई तर पुढच्या महिन्यात दुप्पट जुन्या आणा, म्हणजे हिशेब बसतोय. 'बरं' म्हणाले आन गेले. वाद घालणारा माणूसच न्हवं तो."

"ते घरी आले," मी म्हटलं, "आणि त्यांनी जेवण सोडलं."

"आं?"

"पिशवी एकच राहिली होती. ती भरू नये म्हणून जेवण सोडलं. पाणी सोडलं. पोट सोललंय त्यांचं."

शेवाळ्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, त्यांना ते काढायचं सुचलं नाही.

"वहिनी, तसं न्हाई, पण नियम—"

"कुणाचा नियम?"

"मेन स्टोअरला मी वीस वरसं काढली. तिथं पद्धतच हाय. जुना हातमोजा टाका, नवा घ्या. जुना बूट टाका, नवा घ्या. न्हाईतर लोक फुकटचं नेत्यात आन बाजारात इकत्यात. अण्णांनी जन्मभर बूट असेच बदलून नेलेत, इचारा त्यास्नी."

"बूट?" मी म्हटलं. "बूट आणि हे एकच?"

"फुकटची वस्तू हाय वहिनी, कुठंतरी खात्री करायला लागती."

फुकटची. ज्या माणसानं उभं आयुष्य उकळत्या पाकाच्या वाफेत उभं राहून काढलं, त्याला ही वस्तू फुकटची.

मी वळले. ड्रेसिंगच्या खोलीत गेले. नर्स स्टोमाभोवती पावडर लावत होती. मी स्टीलचा ट्रे उचलला. ती म्हणाली, "अहो ताई, ते कुठं—" पण मी व्हरांड्यात पोचलेसुद्धा होते. वास माझ्या आधी पोचला. बाकावरचे लोक उठले. मी जाळीच्या खालच्या फटीतून ट्रे आत सरकवला. आतली पिशवी अर्धी भरलेली होती.

"घ्या," मी म्हटलं. "जुनी जमा करतेय. मोजून घ्या."

शेवाळे खुर्चीसकट मागं सरकले. "वहिनी! काय हे! उचला ते!"

"मोजा ना! एक आहे. आधी मोजून घेतली नाही तर खात्री कशी होणार? धुतलेली नाही, माफ करा. धुणारा माणूस आत सलाईनवर पडलाय. वाळवलेलीही नाही. हात लावा! तुमचीच पद्धत आहे, हात लावा तिला!"

माझा आवाज एवढा मोठा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टर खोत धावत आले. त्यांना ही पद्धत ठाऊकच नव्हती. दर महिन्याला चिठ्ठीवर सही करत होते, खिडकीपुढं काय चालतं ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "कुठल्या आदेशानं?" ते विचारत होते आणि शेवाळे पुन्हा पुन्हा "साहेब, पद्धत हाय... मेन स्टोअरची पद्धत हाय" म्हणत होते. शेवटी डॉक्टरांनी स्वतः आत जाऊन कपाट उघडलं. पिशव्यांचे पुडे खालपासून वरपर्यंत रचलेले होते. कमी नव्हत्याच कधी.

नवी पिशवी लागल्यावर मी मामांजवळ बसले. पडद्यापलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. ते भिंतीकडं बघत होते.

"समद्यांच्या म्होरं ठेवलीस," ते म्हणाले.

"हो."

"माझी अब्रू ठेवलीस तिथं. काउंटरवर."

"तुमची नाही मामा, त्यांची."

"वास कुणाचा हुता?"

मग राग आला, त्यांचाही. "तुम्ही का नाही भांडलात? एवढे महिने! धुवत बसलात, वाळवत बसलात, मला कचऱ्याच्या गाडीची गोष्ट सांगितलीत—"

"नियम हाय म्हणल्यावर..."

"मामा, एखाद्याचा पाय कापला तर नवा पाय देताना जुना घेऊन ये म्हणतील का?"

मग त्यांच्या कोरड्या ओठाचा एक कोपरा हलला.

"त्यो शेवाळ्या म्हणंल बी," ते म्हणाले. "आन डावा का उजवा ते बी बघंल."

मी हसले आणि हसता हसता तोंडावर ओढणी घेतली.

संध्याकाळी आत्ती आल्या. कडेवर अन्वी, हातात डबा. गावात अशा बातमीला वेळ लागत नाही, रिक्षावाल्यानं त्यांना रस्त्यातच सगळं सांगितलं होतं. त्या कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"ते गाठोडं," त्या म्हणाल्या. "मी टाकलं ते."

"तुला काय म्हाईत," मामा म्हणाले.

"बोलायचं हुतं एक सबूद."

"काय बोलू? हागल्याल्या पिशव्या कुठं गेल्या म्हणून?"

आत्तींनी डबा उघडला. मीठ घातलेली पातळ पेज होती. सूर्य मावळून गेला होता. जन्मात ज्या बाईनं सूर्य मावळल्यावर स्वतः घोट घेतला नव्हता की कुणाला दिला नव्हता, तिनं चमचा भरला आणि नवऱ्याच्या तोंडापुढं धरला. त्यांनी तोंड उघडलं.

पर्वाच्या शेवटच्या दिवशी, चतुर्दशीला, बस्तीतली माणसं तरीही शाल घेऊन घरी आली. तब्येतीमुळं मोडलं असलं तरी भाव महत्त्वाचा, असं म्हणत होती. मामा दारापर्यंत चालत आले. शाल हातात घेतली, घडी तशीच ठेवून परत दिली.

"माझं एकाशन न्हवतं," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "माझ्याजवळ पिशवी न्हवती. म्हणून जेवत न्हवतो. धर्माचं नाव उगंच घेतलं मी, त्याची क्षमा असावी."

एक जण खाली बघून चपला शोधायला लागला. पण त्याच आठवड्यात समाजातल्या दोन घरांतून माणसं हळूच माझ्याकडं आली. एकाच्या वडिलांना तशीच पिशवी होती, दुसरीच्या बहिणीला. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

अन्वी आता शाळेत जाते. मामा अजून आहेत. खिडकीवर नवा माणूस आहे, जुन्या पिशव्या मागितल्या जात नाहीत असा नवा फलक आहे, आणि मामा हातात काही न घेता जातात.

पण मला त्या दिवसातलं एक सुटत नाही. मी ट्रे घेऊन आले तेव्हा बाकावरची हिरव्या लुगड्यातली म्हातारी उठली होती. माझ्या हातात काय आहे ते तिनं बघितलं, मी काय ओरडतेय ते ऐकलं, आणि मांडीवरची कापडी पिशवी पदराखाली घेऊन ती भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली. माझं भांडण आटोपेपर्यंत व्हरांडा रिकामा होता. तिच्या पिशवीत काय होतं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी शेवाळ्यांना विचारलं. मान खाली घालून म्हणाले, "तिच्या मालकासाठी, नवऱ्यासाठी पिशव्या न्यायची. वाडीवरची हाय." डॉक्टरांनी वाडीवर निरोप धाडला, मी आणि सन्मती स्वतः जाऊन आलो. घराला कुलूप होतं. लेकीकडं गेलेत असं शेजारी म्हणाले, पण लेक कुठल्या गावात ते कुणाला माहीत नव्हतं. नियम गेला हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ती पुन्हा खिडकीवर आली नाही.

मी तिच्यापर्यंत पोचले नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असं एखादं माणूस असेल, ऑपरेशन झालेलं, हल्ली उंबऱ्याजवळच बसणारं. आज त्यांच्याकडं जा. तब्येत कशी आहे ते विचारू नका, बरी आहे म्हणतील. नव्या पिशव्या कुठं ठेवल्यात ते दाखवा म्हणा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून उठू नका.